उंटीण व्याल्यानंतरचे रक्त: विण्याचा परिणाम कुठला आणि ऋतूचा कुठला?

शमीपर्ण

चराईवरच्या उंटिणींच्या रक्ताचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. "व्याल्यावर रक्त कमी होतं" आणि "उन्हाळ्यात रक्त कमी होतं". दोन्हींत तथ्य आहे. पण ती सुटी-सुटी सांगितली जातात तेव्हा मला अडचण वाटते, कारण उंटाच्या बाबतीत विणे आणि ऋतू ही दोन कारणे मुळातच एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणून हा धागा. मी पशुशरीरक्रियाशास्त्र शिकवते. इथे प्रयोगशाळेतले, दवाखान्यातले आणि कळपांबरोबर हिंडणारे लोक आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी वर्षाचे गणित बघू. एका वशिंडाच्या उंटाचा माज वर्षभर नसतो. थारमध्ये तो साधारण नोव्हेंबर ते मार्च असा थंडीतला. गाभणकाळ सुमारे तेरा महिन्यांचा. त्यामुळे आज हिवाळ्यात लागलेली उंटीण पुढच्या वर्षी हिवाळा संपता-संपता विते. जानेवारीत व्यायलेली धरा. तिचा पहिला महिना थंडीत जातो, चौथा-पाचवा महिना मे-जूनच्या भट्टीत आणि सातवा-आठवा पावसाळ्यात. कळपातल्या बहुतेक उंटिणींचे हेच वेळापत्रक. मग "व्याल्यानंतर पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन घसरलेले दिसले" या वाक्यातले घसरणे दुधामुळे, की उन्हामुळे? फक्त त्या कळपाचे आकडे पाहून हे कुणालाच सांगता येणार नाही.

आता पूर्व आफ्रिकेत या. सोमालिया, दक्षिण इथिओपिया, उत्तर केनिया या पट्ट्यात वर्षातून दोनदा पाऊस पडतो, मोठा एप्रिलच्या सुमारास सुरू होणारा आणि छोटा ऑक्टोबरच्या सुमारास. तिथे विण्याचा हंगाम बव्हंशी पावसाशी जोडलेला असतो. म्हणजे तिथल्या उंटिणीचा "पहिला महिना" हिरव्या पाल्यात जातो, आणि थारमधल्या उंटिणीचा कोरड्या थंडीत. दोन्हीकडचे "व्याल्यानंतर तीस दिवसांचे" आकडे शेजारी मांडून तुलना करणे मला पटत नाही.

या गुंत्यातून वाट काढायला रक्तच मदत करते, कारण त्यातल्या पेशींचे आयुष्य सारखे नसते. न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी रक्तात काही तास फिरते आणि ऊतींमध्ये उतरते. तांबडी पेशी मात्र महिनोन्महिने जगते. पाण्याचा तुटवडा असताना उंटाच्या तांबड्या पेशी आणखी जास्त टिकतात, हे उंटाच्या शरीरक्रियेचे अभ्यासक रूवेन यागिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यामुळे व्यायल्याच्या आठवड्यात काढलेल्या नमुन्यातल्या पांढऱ्या पेशी काल-परवाची हकीकत सांगतात, आणि त्याच नळीतल्या तांबड्या पेशी बहुतांशी आधीच्या दोन-चार महिन्यांत, म्हणजे गाभणपणाच्या अखेरीस, त्या वेळच्या चाऱ्यावर तयार झालेल्या असतात. मे महिन्यात मोजलेल्या तांबड्या पेशींपैकी बऱ्याच जणी जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या. नमुना ज्या ऋतूत घेतला, त्याच ऋतूच्या खात्यावर तांबडी पेशी टाकणे म्हणूनच चूक आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. पांढऱ्या पेशींवरून विणे वाचा, तांबड्यांवरून सरून गेलेला ऋतू वाचा, आणि दोघींचा एकच निष्कर्ष काढू नका.

विण्याच्या वेळी पांढऱ्या पेशींत काय होते, तेही इथेच लिहिते. प्रसूतीच्या सुमारास कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चढते. त्याने अस्थिमज्जेतले न्यूट्रोफिल बाहेर पडतात, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेलेही सुटतात, आणि मोजणीत त्यांचा आकडा वाढतो. त्याच वेळी लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचे दुसरे दोन प्रकार रक्तातून माघार घेतात. पुढच्या काही दिवसांत कॉर्टिसोल उतरते आणि हा तोल परत फिरतो. शिवाय गर्भाशय आवरते घेत असताना आणि कास नव्याने भरत असताना न्यूट्रोफिल तिकडेही ओढले जातात. उंटिणीचे गर्भाशय साधारण महिना-सव्वा महिन्यात पूर्ववत होते. तेव्हा पांढऱ्या पेशींवरचा विण्याचा ठसा पहिल्या काही आठवड्यांपुरता. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पांढऱ्या पेशी चढलेल्या दिसल्या तर बाळंतपणाकडे बोट दाखवून थांबू नये, दुसरे कारण शोधावे.

---

चांदणवेल

रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचणार. पण एक बाळबोध प्रश्न आधीच विचारते, ताई. उंटाच्या तांबड्या पेशी लांबट असतात असे शाळेत वाचले होते. त्याचा या मोजणीशी काही संबंध आहे का?

---

सूक्ष्मदर्शी

चांदणवेल, संबंध आहे आणि मोठा आहे. मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे याच भागावर लिहितो.

काचपट्टीवर पातळ लेप पसरवून, रंगवून, तेलाच्या भिंगाखाली बघितले की पहिली गोष्ट दिसते ती ही: सगळ्या तांबड्या पेशी जवसाच्या दाण्यांसारख्या लंबगोल आणि चपट्या. माणसाच्या पेशीच्या मध्यभागी फिकट वर्तुळ दिसते, ते इथे नाही. पेशी कडेपासून कडेपर्यंत एकसारखी रंगलेली. केंद्रक नाही (पक्ष्यांच्या आणि सरड्यांच्या पेशीही लंबगोल असतात, पण त्यांत केंद्रक असते, त्यामुळे घोटाळा होत नाही). लेप जिथे पातळ होत जातो तिथे बऱ्याचशा पेशी एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या असतात. जिवंतपणी अरुंद केशिकांमधून जातानाही त्या आपली लांब बाजू प्रवाहाच्या दिशेला ठेवून सरकतात. रक्त दाट झाले तरी वाहते राहते, याचे श्रेय या आकाराला दिले जाते.

आता मोजणी. उंटाची तांबडी पेशी लहान असते, सरासरी आकारमान ३० फेमटोलिटरच्या आसपास (फेमटोलिटर हे पेशीचे आकारमान मोजायचे अतिसूक्ष्म एकक). माणसाची ८० ते १००, गाईची ४० ते ६०. संख्या मात्र जास्त, एका मायक्रोलिटरमध्ये ७० लाखांपासून एक कोटी दहा लाखांपर्यंत सहज. माणसाच्या रक्तासाठी लावलेले स्वयंचलित यंत्र साधारण ३० ते ३६ फेमटोलिटरच्या खालचे जे काही दिसेल ते प्लेटलेट समजते. तिथे उंटाचे रक्त घातले तर तांबड्या पेशींचा एक हिस्सा प्लेटलेटमध्ये जमा होतो. तांबड्या पेशी कमी, प्लेटलेट भरमसाट, आणि त्या कमी आकड्यावरून काढलेले इतर निर्देशांकही बिघडलेले. असा रिपोर्ट घेऊन कुणी "व्याल्यावर पंडुरोग" म्हणाले, तर त्या उंटिणीला काहीही झालेले नसण्याची शक्यता आहे.

पांढऱ्या पेशी मोजतानाही हीच तऱ्हा. तांबड्या पेशी फोडून टाकायच्या आणि उरलेल्या मोजायच्या, ही पद्धत. पण उंटाच्या तांबड्या पेशी फुटायला फार चिवट. द्रावण आणि वेळ या प्राण्यासाठी जुळवून घेतली नाही, तर न फुटलेल्या पेशी पांढऱ्यांच्या आकड्यात घुसू शकतात. म्हणून यंत्राच्या आकड्याशेजारी हाताने केलेली मोजणी आणि रंगवलेला लेप असल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही.

आणखी दोन गोष्टी नव्यांसाठी सांगतो. पेशीतल्या हिमोग्लोबिनची घनता माणसात ३२ ते ३६ ग्रॅम प्रति डेसिलिटर असते, तीच ३७-३८ च्या वर गेली की तंत्रज्ञ यंत्र बिघडले समजून नमुना पुन्हा लावतो. उंटात ४० च्या पुढचा आकडा हीच नेहमीची स्थिती आहे. आणि ईएसआर, म्हणजे नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात ती चाचणी, मागवू नका. उंटाच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसत नाहीत, त्यामुळे तासाभरानेही नळीत फारसे काही खाली उतरलेले दिसत नाही.

---

कळपवाट

उत्तम धागा, ताई. मी शास्त्रातला नाही, पशुपालकांवर लिहितो, कळपांबरोबर बरेच राहिलो आहे. एक शंका आहे.

मोकळ्या चराईवरचा कळप दिवसभर विखुरलेला असतो. सगळी जनावरे एका जागी सापडतात ती पाण्यावर. त्यामुळे रक्त घ्यायला आलेली माणसेही बहुधा पाण्यावरच गाठतात. उन्हाळ्यात उंट काही दिवसांच्या अंतराने पाण्यावर येतात. हिवाळ्यात ओला पाला असेल तर आठवडेच्या आठवडे येतही नाहीत. मग नमुना पाणी पिण्याआधी घेतला की नंतर, याने फरक पडत असेल ना? मी पाहिलेल्या ठिकाणी तरी ही नोंद कुणी करत नव्हते.

---

शमीपर्ण

कळपवाट, तुम्ही नेमक्या जागी हात घातलात. फरक पडतो, आणि तो दोन्ही बाजूंनी पडतो.

गाईगुरांत पाणी कमी पडले की रक्त दाटते आणि पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला हिस्सा, चढतो, म्हणून डॉक्टर पीसीव्हीवरून निर्जलीकरण ओळखतात. ही सवय उंटावर चालवू नये. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियातल्या बेनी अब्बेस इथे उंटांवर जे काम केले, त्यातून स्पष्ट झाले की उंट वजनाच्या पाव हिश्शाइतके पाणी गमावूनही उभा राहतो, कारण ते पाणी मुख्यतः पेशींमधून, ऊतींमधून आणि पोटातून जाते. रक्तातला द्रव त्या मानाने फार कमी घटतो. तहानलेल्या उंटाचे शरीराचे तापमान दिवसभरात ३४ पासून ४१ अंश सेल्सिअसपर्यंत वर-खाली होते, म्हणजे घाम गाळून थंड होण्याऐवजी तो तापणे पत्करतो आणि पाणी वाचवतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात, तहानलेल्या उंटिणीतही पीसीव्ही फारसा न चढलेला असू शकतो.

पाणी प्यायल्यावरची गोष्ट निराळी. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरच्या घरात पाणी पितो. ते हळूहळू रक्तात उतरते, रक्त पातळ होते आणि तांबड्या पेशी फुगतात. प्रयोगशाळेत पातळ केलेल्या द्रावणात त्या मूळ आकारमानाच्या सुमारे २४० टक्क्यांपर्यंत फुगूनही फुटत नाहीत, इतके त्यांचे पटल सोशिक असते. आता विचार करा. पाणी पिऊन रवंथ करत बसलेल्या उंटिणीचे रक्त दुसऱ्या दिवशी काढले तर पेशींची संख्या आणि हिमोग्लोबिन कमी भरेल, सरासरी आकारमान वाढलेले दिसेल. उन्हाळ्यातली "घसरण" ही काही वेळा पाणवठ्यावरच्या भरल्या पोटाची असते.

दुभत्या उंटिणीत यावर दुधाचा ताण. दूध म्हणजे मुख्यतः पाणी. यागिल यांच्या कामात दिसले की पाण्याची टंचाई असताना उंटिणीचे दूध दाट होत नाही, उलट पातळ होते, पाण्याचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९१ पर्यंत जाते. आई तहानलेली असताना पिल्लाकडे जास्त पाणी पोचते. मला ही गोष्ट शिकवताना दर वेळी थांबावेसे वाटते. त्या दुधाबरोबर प्रथिने आणि खनिजेही रोज बाहेर पडत असतात, आणि नव्या तांबड्या पेशी बनवायला त्यांचीच गरज असते. लोह नुसते असून भागत नाही, ते वापरायला तांबे लागते, आणि चराईवरच्या उंटांत तांब्याची कमतरता अनेक देशांत आढळलेली आहे. व्याल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होणारी हिमोग्लोबिनची मंद उतरण मी आधी या बाजूने तपासेन.

---

औषधपेटी

मी उंटांच्या भागात पशुवैद्यक म्हणून काम केले आहे, आणि ताईंशी थोडा वाद घालायचा आहे.

तुम्ही ऊन, पाणी, दूध, तांबे सगळे आणले. पण ऋतूचा सगळ्यात मोठा हात परजीवींच्या मार्फत फिरतो, असे माझे मत आहे. पाऊस पडला की घोडमाश्या वाढतात, आणि त्यांच्याबरोबर सर्रा. या रोगाचा जंतू, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, ग्रिफिथ इव्हान्स यांना १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात सापडला. रोगकारक ट्रिपॅनोसोम म्हणून ओळखला गेलेला तो पहिला. राजस्थानात उंटवाले या रोगाला तिबरसा म्हणतात, कारण जनावर तीन-तीन वर्षे झिजत राहते. ताप येतो-जातो, वशिंड उतरते, गाभण असेल तर गाभडते, आणि रक्त कमी होत जाते. बाळंतपणाने आधीच खंगलेल्या उंटिणीत तो उसळी घेतो. पोटातला हिमॉन्कस लाँगिस्टिपिस हा जंत रक्त पितो, त्याचाही जोर पावसाळ्यात. गोचिडी वेगळ्याच. इओसिनोफिल चढलेले दिसले की माझी नजर आधी जंतांकडे आणि खरजेकडे जाते.

सर्रा लेपावर नेहमी सापडत नाही, कारण जंतू रक्तात लाटांसारखे येतात. दोन लाटांच्या मधे नमुना घेतला तर लेप स्वच्छ. त्यापेक्षा पीसीव्हीसाठी फिरवलेली बारीक काचनळीच सूक्ष्मदर्शकाखाली आडवी धरावी. खाली तांबडा खांब, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि दोन्हींच्या सांध्यावर पांढऱ्या पेशींची बारीकशी रेघ. त्या रेघेच्या लगत प्लाझ्मात काहीतरी वळवळताना, आजूबाजूच्या पेशींना ढुशा देताना दिसले की निदान झाले. पीसीव्हीचा आकडा आणि त्याचे कारण एकाच नळीत मिळते, आणि हे काम झाडाखाली बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रानेही होते.

एक धोक्याची सूचना देऊन ठेवतो, कारण हे वाचून कुणी परस्पर औषध आणायला जाईल. गुरांना सर्रास दिले जाणारे डिमिनाझीन हे औषध उंटाला सोसत नाही. सर्राचा उपचार उंट जाणणाऱ्या पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावा.

तर माझा मुद्दा असा, की परजीवी बाजूला काढा, ऋतूचा परिणाम निम्म्याहून कमी उरेल.

---

शमीपर्ण

औषधपेटी, सर्राबद्दल एकही शब्द खोडत नाही. ती काचनळीची पद्धत लिहिलीत हे फार बरे झाले. पण "निम्म्याहून कमी" इथे मी थांबते. परजीवींचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर. थारमधली उंटीण त्याआधी चार-पाच महिने दूध देत उन्हाळा काढते. त्या काळात तांबड्या पेशींची निर्मिती मंदावलेली असेल, तर पावसाळ्यात जंतू येतात तेव्हा तिच्या हाताशी शिल्लकच कमी असते. ऑगस्टमधला पंडुरोग सर्राचा असेलही, पण त्याची तयारी मेमध्ये झालेली असते. नव्या तांबड्या पेशी किती बनत आहेत हे रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बनलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मोजून थोडे कळते. सूक्ष्मदर्शी यावर लिहू शकतील.

चाऱ्याबद्दल एक भर, कारण "उन्हाळा म्हणजे उपासमार" हे समीकरण उंटाला सरळ लागू पडत नाही. उंट मुख्यतः झाडपाला खाणारा. गवत वाळून जाते तेव्हा खेजडीला, म्हणजे आपल्या शमीला, उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते आणि पुढे शेंगा येतात. त्यामुळे जिथे झाडे टिकून आहेत तिथली उंटीण आणि जिथे ती तोडली गेली तिथली, एकाच उन्हाळ्यात असूनही एकाच "ऋतूत" नसतात. मात्र शमीच्या पाल्यात टॅनिन बरेच असते, ते प्रथिने बांधून ठेवते. पोट भरलेले आणि तरी प्रथिने कमी, असेही होऊ शकते.

---

सूक्ष्मदर्शी

रेटिक्युलोसाइट: निरोगी प्रौढ उंटात अगदी थोडे दिसतात. म्हणून ते वाढलेले दिसले तर अर्थ काढायला सोपे जाते, मज्जा जागी आहे आणि कुठेतरी रक्त जाते आहे किंवा पेशी नष्ट होत आहेत. हिमोग्लोबिन कमी आणि रेटिक्युलोसाइटही नाहीत, तर मज्जेला कच्चा माल मिळत नाही किंवा जुनाट आजाराने ती दबली आहे. ताईंचा उन्हाळा आणि डॉक्टरांचा पावसाळा, या दोघांत फरक करायला ही एक मोजणी उपयोगी पडावी. त्यासाठीचा खास रंग रक्त ताजे असतानाच वापरावा लागतो.

लेपही जागेवरच करा. उन्हात गाडीत पडून राहिलेल्या नळीतले न्यूट्रोफिल सुजतात, त्यांची केंद्रके विस्कटतात, आणि मग संसर्ग नसलेल्या ठिकाणी संसर्ग दिसायला लागतो. हा "ऋतूचा परिणाम" उंटिणीत झालेलाच नसतो, नळीत झालेला असतो.

---

चांदणवेल

आता सगळे वाचले. डोके भरले, पण खूप आवडले. पिल्लाचे काय? व्याल्यानंतर त्याच्याही रक्तात बदल होत असतील ना? त्यालाही तोच ऋतू सोसावा लागतो.

---

औषधपेटी

चांगला प्रश्न. पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन भरपूर असते, न्यूट्रोफिल पुढे असतात. पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरते. रक्तातला द्रव वाढतो, अंग झपाट्याने वाढते आणि दुधात लोह कमी असते. ही उतरण रोगाची नव्हे. लिम्फोसाइटचा वाटा हळूहळू वाढत जातो, कारण पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती तयार होऊ लागते.

तोवर त्याचा सगळा भरवसा चिकावर. उंटिणीच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भात पोचत नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि आतड्यातून ती शोषून घेण्याची मुदत साधारण पहिल्या दिवसाची, त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे. थंडीच्या रात्री जन्मलेले, उभे राहायला उशीर झालेले पिल्लू इथेच मागे पडते. चीक न मिळालेल्या पिल्लाच्या पांढऱ्या पेशी मोजून आजाराचा अंदाज येतो, पण गेलेली वेळ परत आणता येत नाही.

थारमधल्या पिल्लांची खरी परीक्षा पुढे पावसाळ्यात. पाच ते आठ महिन्यांची असताना, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बव्हंशी ओसरलेली असताना, त्यांची जंत, गोचीड आणि सर्राशी पहिली गाठ पडते. त्या वेळी आई आणि पिल्लू दोघांचे रक्त एकाच दिवशी घ्यावे, असा माझा आग्रह असतो.

---

आकडेमोड

धागा वाचनखुणेत ठेवला. मी संख्याशास्त्रातला, प्राण्यांतले मला कळत नाही, पण मूळ प्रश्न ओळखीचा आहे. दोन कारणे नेहमी जोडीने येत असतील तर त्यांचे परिणाम कितीही नमुने घेतले तरी वेगळे होत नाहीत. वेगळे करायचे तर जोडी फुटेल अशी जनावरे शोधावी लागतात.

मला दोन जागा दिसतात. एकाच हंगामात लवकर आणि उशिरा व्यायलेल्या उंटिणी. डिसेंबरची आणि मार्चची यांच्यात तीन महिन्यांचे अंतर आहे. जूनमध्ये एक सहाव्या महिन्यात असेल, दुसरी तिसऱ्या. ऊन दोघींना तेच, दुधाचा टप्पा वेगळा. दुसरी जागा, त्याच कळपातल्या त्या वर्षी न व्यायलेल्या. त्यांच्यात ऋतू आहे, विणे नाही. आणि दर वेळी नव्या उंटिणी न पकडता त्याच-त्याच उंटिणींचे नमुने घ्या. एकीचे मूळ हिमोग्लोबिन दुसरीपेक्षा वेगळे असणारच, तो फरक तिच्याच आधीच्या आकड्याने वजा होतो.

न व्यायलेल्या पुरेशा मिळतात का, हे तुम्हीच सांगा.

---

शमीपर्ण

मिळतात, आणि त्याचे कारण उंटाच्या प्रजननातच आहे. गाभणकाळ तेरा महिन्यांचा, माज फक्त हिवाळ्यात, त्यामुळे दोन वितांमध्ये साधारण दोन वर्षांचे अंतर पडते. कोणत्याही हिवाळ्यात कळपातल्या प्रौढ माद्यांपैकी मोठा हिस्सा त्या वर्षी विणारा नसतो.

पण एक खाच आहे, आकडेमोड. त्या "न व्यायलेल्या" पूर्ण रिकाम्या नसतात. गेल्या हिवाळ्यात व्यायलेली उंटीण या हिवाळ्यात पुन्हा लागते. म्हणजे यंदाची ताजी व्यायलेली मे महिन्यात भर दुधात असते, तेव्हा तुमच्या तुलनेतली दुसरी चार-पाच महिन्यांची गाभण आणि दुधाच्या शेवटच्या टप्प्यात किंवा आटलेली असते. गाभणपणातही रक्तातला द्रव वाढतो, तो जास्त करून शेवटच्या महिन्यांत. त्यामुळे उन्हाळ्यापर्यंत ही तुलना बऱ्यापैकी स्वच्छ राहते, ऑक्टोबरनंतर ती गढूळ होत जाते. गाभण आहे की नाही हे तपासून लिहून ठेवले तर निदान नंतर वेगळे काढता येते. उंटीण गाभण असली की नर जवळ येताच शेपूट ताठ वर उचलते. उंटवाले त्यावरून ओळखतात आणि ते बऱ्याच अंशी बरोबर असते, तरी सोनोग्राफी झाली तर उत्तम.

लवकर-उशिरा व्यायलेल्यांची तुलना मला जास्त आवडली. फक्त पहिलटकरणी आणि तीन-चार वेते झालेल्या दोन्ही गटांत सारख्या वाटल्या जातील हे बघावे लागेल, कारण पहिलटकरणीचे स्वतःचे अंगही अजून वाढत असते.

---

कळपवाट

म्हणजे नमुन्याबरोबरच्या कागदावर विण्याची तारीख, वेत कितवे, गाभण आहे का, शेवटचे पाणी कधी प्यायली, काय चरते आहे, आणि सर्राची तपासणी झाली का, एवढे तरी हवे. विण्याची तारीख उंटवाले सणावरून किंवा चंद्रावरून सांगतात आणि ती दोन-तीन दिवसांपलीकडे चुकत नाही. विचारायला हवे, एवढेच. पुढच्या खेपेला जाईन तेव्हा पाण्याची वेळ मी स्वतः लिहून आणतो.

---

औषधपेटी

त्यात एक रकाना वाढवा: जनावर किती झटापटीनंतर बसवले. घाबरलेल्या, धावडवलेल्या जनावराच्या रक्तात अॅड्रेनॅलिनमुळे पांढऱ्या पेशी काही मिनिटांत वाढतात आणि प्लीहा आकसून तांबड्या पेशीही रक्तात ढकलते. पिल्लू दूर बांधले की व्यायलेली उंटीण सगळ्यात जास्त बिथरते. पिल्लू तिच्या नजरेसमोर ठेवा, तिच्या रोजच्या माणसाला बसवायला सांगा, आणि मानेच्या शिरेतून रक्त घ्या. आणि त्याच उंटिणीचा एक नमुना विण्याआधीच्या महिन्यात घेऊन ठेवा, नाहीतर पुढचे सगळे आकडे कशाशी ताडून बघणार?